वर्षावासातले ह्यांचे पाय

२१ जुलै १९८६, वाशी
आषाढी पौर्णिमा. विहारात वर्षावासाचं ग्रंथवाचन सुरू. विहार म्हणजे सध्या नुसतं जोतं. वर पत्रे, बाजूंना ताडपत्री. वाचणार हेच, अश्विनी पौर्णिमेपर्यंत रोज संध्याकाळी. गोदीतली कारकुनी संपल्यापासून आवाजाला काम नव्हतं. पाय दुखतात तर खुर्ची घ्या म्हटलं. "ऐकणारे खाली आणि मी वर?" मांडी घालूनच बसले.
सकाळी ह्यांची लघवी निळ्या द्रावणात उकळली. हिरवी. म्हणजे साखर थोडी आहे. चालेल.

२ ऑगस्ट
पायांची आग वाढली. कशी आहे, विचारलं. म्हणाले, "तव्यावर उभा नाही. तवाच पायाच्या आत आहे." एवढंच. कण्हणं नाही, चिडणं नाही. पांघरूण तेवढं पायांवर चालत नाही.
डॉक्टरांकडे. मधुमेहाने मज्जातंतू बिघडलेत. ब जीवनसत्त्वाची इंजेक्शनं, आणि साखर आवरा. साखरेचं खातं माझं. आज द्रावण पिवळं. विहार समितीच्या जाधवांकडे बारशाचे पेढे खाल्ले म्हणे. मी बोलायचं ते बोलले.

१७ ऑगस्ट
रविवार, श्रमदान. जोत्याभोवती खडी, सळ्या. फरशी अजून व्हायची आहे, पण विहार तो विहार, चपला फाटकापाशी. सगळे अनवाणी. हेही.
वाचन संपवून उठले तर कौसाक्का, नांदेडकडची, सतरंज्या हीच घालते-काढते, म्हणाली, "भाऊ, रगत."
उजव्या तळव्यात सळ्या बांधायच्या तारेचा तुकडा. कधी गेला? माहीत नाही. वाचनात एक शब्द चुकला नव्हता.
ज्या पायाला चादर सोसत नाही त्याला तार कळली नाही. डॉक्टर म्हणतात, हे असंच असतं. आग जाणवते, बाहेरचं जाणवत नाही. मला अजून पटत नाही, पण जखम समोर आहे.

२० ऑगस्ट
चालणं बंद, पायावर भार नको. हे म्हणे वाचनाला जाणार. मी नाही म्हटलं. शेवटी तडजोड : जाधवांच्या स्कूटरवरून जायचं-यायचं, आणि पाय लांब करून बसायचं. ग्रंथाकडे आणि माणसांकडे पाय नकोत म्हणून सगळा वेळ तिरके बसले. कंबर धरली असणार.

३१ ऑगस्ट
विहार समितीची सभा. जाधव चिटणीस. मला वाटलं होतं, तारेची गोष्ट घरातच राहील. ह्यांनी सरळ भरसभेत सांगितली. मधुमेह आहे, तळव्यांना कळत नाही, हे असं झालं. फरशी होईपर्यंत सगळ्यांनी आवारात आणि जोत्यावर चपला घालाव्यात.
जाधव म्हणाले, "साहेब, विहारात चपला? आज चपला, उद्या कोण विडी पेटवेल. तुमी तुमच्यापुरत्या घाला ना."
हे : "माझ्यापुरत्या नकोत. मला माझं कळलंय. इथे आणखी कोणाचं असं असेल, त्याला अजून कळलेलंही नाही."
मागे कोणीतरी हसलं. ह्यांनी पट्टी बांधलेला पाय पुढे केला आणि हसणं संपेपर्यंत तसाच ठेवला. मला मेलं लाजल्यासारखं झालं, आणि मग नाही झालं. ठराव पास. जाधवांनी नाक मुरडूनच लिहून घेतला.

६ सप्टेंबर
कौसाक्का दारात घुटमळली. नव्या चपला हातात, पायात नाहीत. मी ओरडले.
"बाई, माजं बी पाय लई आग करत्यात. म्या म्हणलं, वय झालं. पर भाऊनी सांगितलं तसंच हाय समदं."
तिचीही तपासणी केली. द्रावण विटकरी, म्हणजे साखर फारच! मीच डॉक्टरांकडे घेऊन गेले. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "चला, तार फुकट गेली नाही."

२ ऑक्टोबर
जखम भरत नाही. करंगळीशेजारचं बोट काळपट. महिनाभर पथ्य असं पाळलंय की द्रावण रोज निळं. ते निळं पाणी मोरीत ओतताना आज राग आला. कोणावर काढायचा?
आग आहेच. सकाळी दाढी करताना पुढच्या प्रकरणाचा सराव करत होते.

१५ ऑक्टोबर
डॉक्टर : आजच दाखल करा. वाचनाचे दोन दिवस उरलेले. जाधव घरी आले, खरोखर हळहळले. म्हणाले, समाप्ती पुढे ढकलू, पौर्णिमा टळली तरी चालेल, लोक थांबतील. कौसाक्काही हो म्हणाली.
हे : "मी आजारी आहे, ग्रंथ नाही. ठरल्या दिवशी संपवा." मग माझ्याकडे बघून, "ही वाचेल."
हजेरी घेतल्यासारखं वाचते मी. त्यांना ठाऊक आहे. तरी.

१७ ऑक्टोबर
अश्विनी पौर्णिमा. वाचन पूर्ण. एका जागी थांबून पाणी प्यायले, पुढे वाचलं. खीर वाटायला थांबले नाही. बसने खाडीपलीकडे, इस्पितळात.
सर्जन तपासत होते. ह्यांना डोळे मिटायला सांगितलेलं. सुई बोटापाशी. कळतंय? "नाही." तळव्याला. "नाही." पावलावर वर, आणखी वर. "नाही." किती कापावं लागेल ते उद्या बघून ठरणार. पाऊल राहतंय की नाही, तेही. डॉक्टरांना एक तरी हो हवं होतं. मलाही हवं होतं. ह्यांना तर सगळ्यांहून जास्त. पलंगाची कड घट्ट धरलेली. अंदाजाने एकदा हो म्हणणं काय अवघड होतं? म्हणाले नाहीत.
घोट्याजवळ सुई आली. मग म्हणाले, "इथे काहीतरी आहे. टोचणं आहे की मला हवंय म्हणून वाटतंय, ते सांगता येत नाही."
डॉक्टरांनी त्या जागी शाईने खूण केली. उद्या सकाळी शस्त्रक्रिया.