व्हॅनिलाची धुरी

तांडा, फुलसावंगीजवळ,
१५ मार्च २०२६

शाम भिया,

थोरल्या बहिणीचा आशीर्वाद घे, नको असला तरी घे. पत्र बघून घाबरू नकोस. फोन केला की तू "ताई, कामावर आहो, नंतर बोलतो" म्हणतोस आणि तुझं ते नंतर काही उगवत नाही. मेसेज केला तर हात जोडल्याचं चित्र पाठवून मोकळा होतोस. शिवाय आपलं घर केवढं ते तुला माहीत आहे. दारात फोनवर बोललेलं याडीला चुलीपाशी ऐकू जातं, आईचे कान ते. म्हणून हा कागद.

बापूंची तूर घरात आली, हरभरा मळायचा आहे. बापू मजेत आहेत, म्हणजे दिवसभर सगळ्यांवर ओरडत असतात. तुझे भाऊजी रविवारी लोहाऱ्याहून येऊन जातात. तिकडे माझा केकचा ओव्हन धूळ खातोय. गिऱ्हाइकांचे फोन येतात, त्यांना सांगते की अजून माहेरीच आहे, बाळंतिणीला विचारू नका. बाळ आता बरा आहे. दूध पितो, झोपेत हसतो, आणि नाक थेट तुझ्यावर गेलंय, त्याला कोण काय करणार.

याडी जेवते. म्हणजे मी ताट वाढून समोर बसले तर जेवते.

तुझा मित्र गोपाल परवा भेटला. शाम कधी येणार म्हणून विचारत होता. मी म्हटलं, मलाही तेच विचारायचं आहे.

किती इकडचं तिकडचं लिहिणार? बाळ आता बरा आहे असं वर लिहिलं. मध्ये तो बरा नव्हता. त्याला पुसदच्या दवाखान्यात ठेवावं लागलं. हे तुला कुणी कळवलं नाही, कारण याडीने कळवू दिलं नाही. "तो तिथं एकटा, कायले जिवाले घोर लावता," म्हणाली.

होळी आठव. लेंगी गाऊन गाऊन तुझा घसा बसला होता आणि तू न्हाणीमागे उभा राहून तुझं ते यंत्र ओढत होतास. मी तिथेच कपडे वाळत घालत होते. याडी पाण्याची बादली घेऊन आली आणि म्हणाली, "शाम, हे काय ओढून राह्यला रे?"

तू जराही अडखळला नाहीस. "दवाई आहे याडी, खोकल्याची. याच्यातून धुरी निघते."

तिने जवळ येऊन हुंगलं. "वास चांगला आहे. शीलाच्या घरातल्यावाणी," माझ्याकडे बघत म्हणाली. मग तुझ्या छातीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "नेमानं घेत जाय मंग."

मी तोंडाला पदर लावून हसले. आता त्या हसण्याचा इतका राग येतो की सांगता येत नाही. कारण मला सगळं माहीत होतं. त्यात तंबाखूचा अर्क असतो हे माहीत होतं. ई-सिगारेट विकायलाही बंदी आहे आणि तिच्यात भरायचं ते पाणी तू खोलीवर स्वतःच बनवतोस, हेही माहीत होतं. पण तू तंबाखूचा खर्रा सोडलास याचाच मला एवढा आनंद, की दिवाळीला तू "ताई, लय कडू वास येते त्याचा, तुझी केकची पावडर दे" म्हणालास तेव्हा मी व्हॅनिलिनचा डबाच तुझ्या बॅगेत कोंबला. केकात चिमूटभर घालते ती पांढरी पावडर. लेकरं खातात ती वस्तू, तिने काय होणार, असं मला वाटलं. पोटात चालतं ते छातीत चालत नाही, हे मला पुसदच्या डॉक्टरांनी सांगितलं.

होळीनंतर बस पकडायच्या घाईत तू त्या पाण्याची बाटली फळीवर विसरलास. "भेटली तर ठेव" असा तुझा मेसेज आला होता. माझ्याआधी ती याडीला भेटली. लेकराची दवाई म्हणून तिने देवाशेजारी नीट ठेवली.

नंतर बाळाला सर्दी झाली. सकाळी अंघोळ घातल्यावर याडी त्याला धुरी द्यायची, हे तू पाहिलं आहेस. मातीच्या भांड्यात निखारे, वर ओवा आणि थोडी लोबान. तांड्यातल्या कितीतरी लेकरांना तिने अशी धुरी दिली, तुला आणि मला पण. त्या दिवशी बाळाचं नाक वाजत होतं आणि तिला तुझी दवाई आठवली. खोकल्याची धुरी मामाला चालते, मग भाच्याला का नाही? तिने बाटली निखाऱ्यांवर ओतली.

मी न्हाणीत केस धूत होते. केकचा वास आला. मला वाटलं, लोहाऱ्याची आठवण येतेय. तेवढ्यात याडीची हाक आली. तशी हाक मी तिच्या तोंडून कधी ऐकली नव्हती. धावत गेले तर घरभर धूर आणि बाळ खोकून खोकून ओकलेला. मग त्याचं रडणंच थांबलं. ओठ पांढरे पडले, मान माझ्या हातावर सैल. बापूंनी शेजाऱ्याची गाडी आणली. तीतून आम्ही पुसदचा दवाखाना गाठला.

डॉक्टरांना बाजूला घेऊन मी बाटलीत काय होतं ते खरं सांगितलं. ते सांगितलं नसतं तर काय झालं असतं, हा विचार मी करत नाही. दुसऱ्या दिवशी बाळाने डोळे उघडले आणि असा ओरडला की आख्खा वॉर्ड जागा झाला. डॉक्टर याडीला म्हणाले, "आजी, एवढ्या लहान बाळाला कसलीच धुरी द्यायची नाही. ओव्याचीसुद्धा नाही." त्यांचं बरोबर आहे, आता घरात धुरी होणार नाही. पण याडीने त्यातून एकच ऐकलं, की तिच्या हाताने नातू मरता मरता वाचला.

तेव्हापासून ती बाळाला हात लावत नाही. पाय लांब करून त्यावर त्याला न्हाऊ घालायची, ते आता मी करते आणि प्रत्येक वेळी त्याच्या कानात पाणी जातं. ती दारातून बघते. शेजारच्या सुनेचं बाळंतपण झालं. त्या लोकांनी मालिशीला बोलावलं तर म्हणाली, "माह्या हाताले आता लेकरू देऊ नका." बापू ओरडायचे विसरून अंगणात जाऊन बसले.

मी तिला सांगून बघितलं, शाम. म्हटलं, "याडी, ती दवाई नव्हती. त्यात तंबाखू होती."

ती माझ्यावरच चिडली. "माह्या पोराच्या दवाईले नाव नको ठेवू. तंबाखूचा वास मले समजत नाही का? मीच जास्त ओतली."

वास तिला समजतोच. बापूंना खर्रा खायला ती अंगणाच्या बाहेर पाठवते आणि चूळ भरल्याशिवाय घरात घेत नाही. त्या बाटलीला स्वतःचा वास असता तर तिने ती उकिरड्यावर फेकली असती. तिला आला तो माझ्या घराचा वास, म्हणून तिने विश्वास ठेवला. तो वास मी दिला. पण दवाई हा शब्द तुझा आहे. तो माझ्या सांगण्याने पुसला जात नाही, मी करून बघितलं.

तू ते ओढणं सोड किंवा सोडू नकोस, त्यावर एक वेगळं भांडण आपण करू. मी पुन्हा डबा देणार नाही एवढं नक्की. आत्ता मला फक्त याडीच्या मांडीवर बाळ हवा आहे.

हे लिहीत असताना ती आत आली. "शामले लिहून राह्यली का?" मी हो म्हटलं. ती म्हणाली, "त्याले लिही, तुही दवाई याडीनं सांडून टाकली. आता खोकल्याले काय घेत असन तो? म्हणा, याडीवर राग नको धरू."

तिचा निरोप तिच्याच शब्दांत लिहिला आहे. त्याचं उत्तर मला पाठवू नकोस. तिच्यासमोर येऊन दे.

तुझी ताई,
शीला