मखमलीवर सांडलेला माणूस

इलिनॉय,
७ मार्च १९९३

ती. सौ. लारू ताईस,
धाकट्या रूलनचा शि. सा. न. वि. वि.

तू काहीही म्हण, पाकीट न फोडता परत पाठवणं मला पटलेलं नाही. हे चौथं. दर महिन्याला मी चाळीस डॉलर पाठवतो आणि बाबा वरच्या वर पत्ता खोडून माघारी धाडतात. पोस्टातली बाई आता मला दारात बघूनच खण उघडते.

तू लिहितेस, चूक माझी. मान्य, पण अर्धीच. टोलमनच्या पोराने पेट्रोल पंपावर चारचौघांत मला मखमलभाऊचा वारस म्हटलं, त्याच्यापायी मी ओठ फोडून घेतला आणि घरी येऊन बाबांना विचारलं की तुमच्या एका थापेसाठी मी कुठवर मार खायचा. ‘थाप’ हा शब्द तोंडून गेला तो गेला, आणि बाबा माझ्याशी बोलेनासे झाले. पण तूच आठव, तो नदीचा सिनेमा आपण टीव्हीवर किती वेळा पाहिला. नायक घोडा पाण्यात घालतो, बाबा खुर्चीत पुढे सरकतात, म्हणतात की आता डावीकडे बघा, सहा घोड्यांची गाडी हाकतोय तो मी. डावीकडे काय, तर टीव्हीची लाकडी चौकट. आई तेवढी म्हणायची की तिने पाहिलंय. गावच्या थिएटरचा पडदा अरुंद, चित्राच्या दोन्ही कडा बाजूच्या लाल मखमलीवर सांडायच्या, आणि तिला म्हणे पहिल्या रांगेच्या कोपऱ्यातून बाबा त्या मखमलीच्या चुण्यांवर दिसले. तिचं कोण ऐकणार? उलट त्यावरूनच गावाने बाबांना मखमलभाऊ केलं. तेव्हा तिचं त्यांच्याशी लग्न ठरलेलं.

इथे माझी बदली झाली. आमच्या कारखान्यात सिनेमे कॅसेटींवर उतरवतात, हे तुला ठाऊक आहे. आता मी परत आलेल्या मालाच्या टेबलावर आहे. जुन्या काउबॉय सिनेमांच्या कॅसेटी नव्याने काढल्यात, त्यांचा ढीग उलटा येतोय. चित्राच्या वर-खाली काळ्या पट्ट्या दिसतात, म्हणून गिऱ्हाईक दुकानदाराच्या अंगावर जातं की अर्धा सिनेमा झाकून ठेवलात. माझं काम, त्या कॅसेटी पुसायच्या आणि कोऱ्या करून पुढे द्यायच्या. दहावीतून पळालेल्याला साजेसं आहे. आमची मुकादम हलिना, पोलंडकडची, म्हणते की पुसायला अक्कल लागत नाही, म्हणूनच तुला निवडला.

मुलांना पापे. बाबांना नमस्कार सांग, तोही न फोडता परत आला तरी चालेल. तुझा लोभ आहे तेवढा राहू दे.

तुझा,
रूलन


जुनिपर वेल्स, यूटा,
१९ मार्च १९९३

चि. रूलन यास,
ताईचे अ. आ.

तुझ्या पत्राला कॉफीचा वास होता. आपल्या प्रार्थनाघराच्या बिशपांची बायको समोर बसलेली, म्हणून मी ते तासभर दोरीवर वाळत घातलं. आपल्या पंथात कॉफी वर्ज्य, आपल्या घरात आजवर कोणी ती प्यायलं नाही. तू पितोस तर पी, पण निदान कागदावर सांडू नकोस.

आता हसण्यासारखं नाही ते. गावच्या सभागृहात पितळी पाट्यांची भिंत करताहेत. इथे झालेल्या सिनेमांत आपल्यापैकी ज्यांनी ज्यांनी काम केलं, त्या प्रत्येकाची पाटी. चोवीस जुलैला, पूर्वज यूटात पोचले त्या सणाच्या दिवशी, मिरवणुकीनंतर ती उघडायची. समितीवर मुख्य कोण, तर आर्वेल टोलमनभाऊ. आणि सिनेमावाल्यांच्या जुन्या यादीत नदीतल्या गाडीपुढे नाव आहे आर्वेल टोलमन.

बाबा समितीसमोर गेले. त्यांनी पहिल्यांदा सगळं सांगितलं, जे आपल्यालाही कधी नीट सांगितलं नव्हतं. त्या सकाळी घोड्याने लाथ मारून आर्वेलभाऊंच्या गळ्याचं हाड मोडलं. बाबा तिथे घोड्यांना चारा घालायला होते, एकोणीस वर्षांचे. त्यांना आर्वेलभाऊंचा कोट चढवून गाडीवर बसवलं. कागद बदलायला कोणाला वेळ होता? आर्वेलभाऊ आपल्या हातांकडे बघत राहिले आणि म्हणाले की पस्तीस वर्षं झाली, मला आठवत नाही.

मग न्याय म्हणून समितीने भाड्याच्या दुकानातून कॅसेट आणून लावली. नदी आली. डावीकडे घोड्याचं एक शेपूट, बाकी काही नाही. मागून कोणीतरी विचारलं की मखमल टांगायची का. बाबांनी टोपी घातली आणि ते निघून आले. तेव्हापासून दोन रविवार ते प्रार्थनेला आलेले नाहीत. घोड्यांना खरारा करताना गुणगुणायचे, तेही बंद आहे. एप्रिलअखेर पुरावा आणला तर ठीक, नाहीतर आर्वेलभाऊंची पाटी कोरायला जाईल. बाबा म्हणाले की पाटीचं मला काही नाही, पण मी खोटारडा म्हणून पुरला जाणार.

आणि एक. तुझं पाकीट ते फोडत नाहीत हे खरं. पण दोन दिवस ते स्वयंपाकघराच्या खिडकीत उभं करून ठेवतात आणि मग परत पाठवतात. हे मी तुला सांगितलं असं त्यांना कळू देऊ नकोस.

जेवत जा. राग विसर, आम्हाला विसरू नकोस.

तुझी,
लारू


इलिनॉय,
४ एप्रिल १९९३

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र बसून वाच. उभी असशील तर भांडी खाली ठेव.

तुझं पत्र खिशात घालून मी कामावर गेलो. परत आलेल्या ढिगात तोच सिनेमा होता. या ढिगात मी तो आधीही पाहिला होता, म्हणजे डबा पाहिला होता, चित्र नाही. पुसायच्या आधी कोण बघतो? त्या आठवड्यात त्या सिनेमाच्या साठेक कॅसेटी मी माझ्या हाताने पुसल्या होत्या. त्या दिवशी एक तपासणीच्या यंत्रात घातली.

ताई, टीव्हीची काच जवळजवळ चौकोनी आणि हे सिनेमे लांबट. मोठमोठ्या थिएटरांसाठी काढलेले. टीव्हीवर आणि जुन्या कॅसेटींवर काच भरावी म्हणून त्यांच्या दोन्ही बाजू कापून मधला तुकडा दाखवतात. या नव्या कॅसेटींवर सगळं चित्र आहे, या टोकापासून त्या टोकापर्यंत. ते आडवं मावायचं तर बारीक होतं, वर-खाली जागा उरते, त्याच त्या काळ्या पट्ट्या. लोकांना वाटतं झाकलंय. उलट उघडलंय.

नदी आली. नायक मध्ये. आणि डावीकडे, जिथे आपली लाकडी चौकट असायची, तिथे सहा घोडे छातीभर पाण्यात, मागे गाडी, आणि गाडीवर उभा राहून लगाम डाव्या हातात धरलेला एक पोरगा. वाऱ्याने त्याची टोपी उडाली. मी बटण दाबून चित्र थांबवलं.

हलिना मागून आली, मी काम सोडून सिनेमा बघतोय म्हणून ओरडायला. काचेकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं की तू सिनेमात कधी काम केलंस. तिला आपल्या गावातलं, मखमलीतलं, काही एक माहीत नाही. मी म्हटलं, हा सिनेमा मी जन्मायच्या बारा वर्षं आधी काढलाय. तर म्हणाली की मग तुझ्या आईने फार मेहनत घेतली नाही, बापाचाच साचा वापरला.

कारखान्यातली कॅसेट फुकट बाहेर जात नाही. मी पैसे भरले, हलिनाने पावतीवर सही केली आणि दोरी तिने स्वतः बांधली, माझी गाठ ढिली असते म्हणून. सोबत पाठवतोय. सगळ्यांसमोर लाव. काळ्या पट्ट्या दिसल्या की कोणीतरी उठून टीव्हीला थापटेल, त्याला बसव. पट्ट्या आहेत म्हणून बाबा आहेत.

बाबांना माझ्याकडून काय सांगायचं ते मला सुचत नाही. साठ वेळा मी त्यांना पुसलं, न बघता. आणि एकदा तोंडाने. तूच काहीतरी सांग.

तुझ्या मायेवर हक्क सांगणारा,
रूलन


जुनिपर वेल्स,
२६ एप्रिल १९९३

चि. रूलन यास,
ताईचे अ. आ. आणि शेजारच्या सगळ्यांचेही, इतके की पोस्टाचं तिकीट वाढेल.

शनिवारी प्रार्थनाघराच्या मोठ्या हॉलमध्ये, बास्केटबॉलच्या टोपलीखाली टीव्ही ढकलत आणला. ऐंशी-नव्वद माणसं. बायकांनी चीजचे बटाटे आणले होते आणि किसलेलं गाजर घातलेली ती हिरवी जेली. बाबा येईनात. मी म्हटलं, रूलनने पाठवलंय. त्यांनी काही विचारलं नाही, टोपी घेतली.

तू लिहिलंस तस्संच झालं. पट्ट्या दिसल्या आणि टोलमनांचा पुतण्या उठून बटणं पिळायला लागला. कोणी म्हणालं, कापलेली कॅसेट पाठवली पोराने, शिकला नाही तो नाहीच. मी त्याला बसवलं आणि तुझं पत्र वाचून दाखवलं, साचा वगळून.

मग नदी आली. रूलन, इतक्या माणसांत पाण्याचा आवाज ऐकू येत होता. आणि विल्डा आजी, आता ब्याऐंशीच्या, कानाने कमी म्हणून मोठ्याने बोलतात, त्यांनी अख्ख्या हॉलला विचारलं की अगं, हा आपला रूलन तिथे काय करतोय, हा तर जन्मलाही नव्हता.

झालं. त्यानंतर कोणी काही सिद्ध करायचं उरलं नाही. मी चित्र थांबवलं. लगाम डाव्या हातात. आपल्या घरात डावखुरे दोघंच, बाबा आणि तू. आर्वेलभाऊ उजवे.

आर्वेलभाऊ उठले. मला वाटलं बाहेर जातील. ते टीव्हीपाशी आले, टोपी काढली आणि सगळ्यांना म्हणाले की ते हाड अजून थंडीत दुखतं, आणि मला सगळं आठवतं. लोक कौतुक करत गेले, आणि खरं सांगायचा दिवस दर वर्षी एकेक वर्ष लांब गेला. मग बाबांकडे वळून म्हणाले, थेन, मी असतो तर ती गाडी पार झाली नसती.

बाबा खुर्चीत पुढे सरकले. मग म्हणाले की चार वेळा मागे घेऊन लाव. चार वेळा पाहिलं. पाचव्या वेळी सांगू लागले की पुढचा डावा घोडा पाण्याला बुजायचा, त्याचं नाव बिस्किट होतं, आणि त्या दिवशी ते स्वतः इतके घाबरले होते की दुसऱ्या काठावर पोचल्यावर उलटी झाली. ते मात्र चित्रात नाही म्हणून बरं झालं म्हणाले. हिरवी जेली दोनदा घेतली. निघताना कोणीतरी हाक मारली, मखमलभाऊ, अभिनंदन. बाबांनी वळून ओ दिली. आयुष्यात पहिल्यांदा.

आज सकाळी अंगणातून गुणगुणणं ऐकू आलं. सूर होता तसाच वाईट आहे.

तुझ्यावर जीव लावून बसलेली,
लारू


जुनिपर वेल्स,
९ मे १९९३

चि. रूलन यास,
आशीर्वाद.

कॅसेट पोचली. लारू म्हणते चित्रात माझा चेहरा तुझ्यासारखा आहे. हे मला मान्य नाही. तुझा चेहरा माझ्यासारखा आहे. मी आधी आलो.

आर्वेल स्वतःची पाटी काढून टाका म्हणत होता. मी म्हटलं, ते सहा घोडे त्याने शिकवले होते, मी फक्त पार नेले. त्याचीही लागेल, माझ्या शेजारी, खरं ते लिहून.

पाट्यांचा खर्च समिती करते. माझ्या पाटीचा करू नका म्हणून मी सांगितलं आहे. ज्याने थाप म्हटली त्याने तो भरावा. अडतीस डॉलर होतात. चाळीस पाठवलेस तर परत येतील.

पाटीला चार स्क्रू आहेत. बारीक आहेत, मला आता दिसत नाहीत. चोवीस जुलैला कोणीतरी पिळायला हवे.

तुझी आई असायला हवी होती. तिला मखमलीची गरज पडली नसती.

थेन बॅलार्ड, तुझा बाप


इलिनॉय,
१६ मे १९९३

ती. बाबांस,
रूलनचा शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. फोडलं. दोन दिवस खिडकीत ठेवलं नाही, दारातच फोडलं. ताईने मला काही सांगितलेलं नाही.

थाप हा शब्द मी परत घेतो. तो माझ्या नावावर न ठेवता पुसून टाकावा. पुसण्याचं काम मला येतं, पण हे तुमच्याकडून व्हायला हवं.

चोवीस जुलैची रजा मागितली. हलिना म्हणाली की रजा मिळेल, पण त्या घोड्याचा, बिस्किटचा, फोटो आणायचा. मी म्हटलं, तो घोडा आता कुठून आणू? तर म्हणाली, मग बापाचा आण. बसने येतो. बावीसला निघालो की तेवीसच्या संध्याकाळी पोचेन, स्क्रू पिळायचं हत्यार घेऊन. इथे मोठं, लहान आणि फार लहान अशी तीन मिळतात. तिन्ही आणतो.

एक सांगायचं राहिलं. कॅसेटी अजून परत येतात. मी हलिनाला म्हटलं की डब्यात एक चिठ्ठी घातली तर माणसं समजतील. तिने साहेबांना सांगितलं, साहेब म्हणाले, लिही. मी लिहिली: काळ्या पट्ट्या हा बिघाड नाही, हे पूर्ण चित्र आहे, कडेची माणसं बघावीत. शुद्धलेखन हलिनाने बघितलं, ती पोलंडची असून. आता प्रत्येक काउबॉय सिनेमाच्या डब्यात ती छापून जाते. खाली नाव नाही, पण शब्द माझे आहेत. मी आता कॅसेटी पुसत नाही. चिठ्ठ्या घालतो.

ताईला सांगावं की या कागदाला वास येणार नाही, पाण्याचा पेला घेऊन लिहायला बसलो होतो. आर्वेलभाऊंना नमस्कार, आणि त्यांच्या पोराला माझा ओठ बरा झाल्याचं कळवावं.

पैसे तुम्ही सांगितलंत तेवढेच, एक सेंट कमी नाही की जास्त नाही. चाळीस मोजून झाले होते, त्यातले दोन मी काढून घेतले. लोभ असावा, आणि या वेळी पाकीट फोडावं.

तुमचा,
रूलन

सोबत: अडतीस डॉलर.