मागचे दार आणि देवाची उजवी बाजू

॥ श्री खंडोबा ॥

मी, चांगुणाबाई भ्र. व्यंकटराव ढोणे, वय ५८ वर्षे, शिक्षण मॅट्रिक, धंदा घरकाम, राहणार मौजे निंबखेडा, ता. जि. परभणी, आज दिनांक ७ फेब्रुवारी १९९४, वार सोमवार रोजी स्वतःच्या हाताने लिहून ठेवते की, माझे डोके ठिकाणावर आहे, हात कापत नाही, आणि कुणी मला समोर बसवून हे लिहून घेत नाही. येत्या शुक्रवारी परभणीला माझ्या पोटाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, भिण्यासारखे काही नाही. मी भीत नाही. पण दोन दिवस जरी घर सोडायचे असले तरी डबे झाकून आणि कुलूप ओढून बघून निघायची माझी सवय आहे, त्यातलेच हे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

माझे यजमान १९७१ साली वारले. दोन मुले आहेत. थोरला भगवानराव घरची शेती बघतो, धाकटा भुजंग येलदरीच्या वीजघरात नोकरीला आहे. दोघेही निर्व्यसनी आहेत. यात माझे काही नाही, देवाने सांभाळले.

कलम १. गट नंबर ८४ मधील माझ्या नावावरची सात एकर बारा गुंठे जमीन दोघांनी निम्मी-निम्मी घ्यावी. भुजंगला शेतात राबणे जमणार नाही, तरी त्याचा हिस्सा कमी करू नये. त्याने तो भगवानलाच बटईने द्यावा, तिसऱ्याला देऊ नये. विहीर दोघांची. ती १९७४ साली खोदली. बांधालगत खोदावी की चिंचेखाली, यासाठी देवाला कौल लावला होता. चिंचेखाली अडतीस फुटांवर पाणी लागले. अजून एकाही उन्हाळ्यात आटलेली नाही. पोहरा वर येताना मी दर वेळी हात जोडते. त्या कौलाबद्दल पुढे लिहायचे आहे.

कलम २. शिवणयंत्र भुजंगच्या बायकोला. यजमान गेल्यावर या यंत्राने आम्हा तिघांना कुणापुढे हात पसरू दिला नाही. तिला यंत्राला तेल द्यायचा कंटाळा आहे. द्यावे.

कलम ३. तांब्या-पितळेची सगळी भांडी थोरली सून सुलाबाई हिला. मोठी पितळी परात यादीत नाही, कारण ती १९६१ साली माझी जाऊ बायनाबाई हिने पुरणाला म्हणून नेली आहे. ती मागायला कुणी जाऊ नये. मात्र माझ्या तेराव्याला तिने त्याच परातीतून काही आणले, तर आभार मानून परात ठेवून घ्यावी.

कलम ४. राहते घर, म्हणजे ओसरी, मधली खोली, धान्याची खोली, देवघर आणि गोठा, हे भगवानरावाला. परंतु घराची मागची भिंत, त्या भिंतीतले दार, चौकट, कडी आणि दाराबाहेर बोळापर्यंतची सहा फूट जागा मी सुलाबाईच्या नावावर करते.

वकील म्हणाले, बाई, अशी भिंत वेगळी काढून कुणी देत नाही. मी विचारले, बंदी आहे का? ते म्हणाले, बंदी नाही. म्हणून दिली.

कारण असे. यंदा संक्रांतीला विद्यापीठाच्या नामांतराची बातमी रेडिओवर आली आणि तिसऱ्याच दिवशी भगवानने ट्रॉलीभर विटा आणून परसात उतरवल्या. मागचे दार बुजवायचे म्हणतो. "माय, पुन्हा तसलं काही झालं तर ह्या बारीला दारच नगं," एवढेच बोलला आणि बैल सोडायला गेला. माझ्यामागे त्याला दार बुजवायचे तर बायकोची सही घ्यावी लागेल. ती मिळणार नाही. मी तिला विचारून घेतले आहे.

"तसलं" म्हणजे काय, ते नातवंडांना कळावे म्हणून लिहिते. १९७८ च्या श्रावणात याच नावावरून आमच्या गावातही बौद्धवाड्यावर माणसे चालून गेली. आपल्याच गावची माणसे. नावे लिहीत नाही, त्यातले दोघे माझ्या तिरडीलाही खांदा देतील. दुपारची वेळ होती. मागच्या दारावर थापा पडू लागल्या. "बाई, मी सरजा. दार उघडा." सरजाबाई बोळाच्या पलीकडे राहते. तिचे मालक आश्रुबा मास्तर त्या दिवशी परभणीला गेलेले. तिच्यासोबत म्हातारी सासू आणि कडेवर लेक.

मी दार उघडले नाही. देवघरात गेले.

यजमान गेल्यापासून प्रत्येक अडचणीला मी देवालाच विचारत आले होते. दुसरे विचारायला होते कोण? आमचा कौल असा की, खंडोबाच्या चांदीच्या टाकावर कण्हेरीच्या दोन ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, एक उजवीकडे, एक डावीकडे. हात जोडून विचारायचे. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. त्या दिवशी पाकळ्या लावल्या आणि विचारले, दार उघडू का? पाकळी थोडी सुकल्याशिवाय सुटत नाही. बाहेर थापा चालूच होत्या. मग पाकळी पडली. डावी.

भगवान तेव्हा बावीस वर्षांचा, माझ्या मागे उभा. म्हणाला, "माय, देव न्हाई म्हणलाय."

मी उठले आणि जाऊन दार उघडले. का, ते अजून सांगता येत नाही. हाताने कडी काढली. मी काढली असे म्हणवत नाही.

तिघींना धान्याच्या खोलीत बसवले. थोड्या वेळाने पुढच्या दारात माणसे आली. भगवान दोन्ही हात चौकटीला लावून उभा राहिला आणि म्हणाला, "घरात मी आन् माय. खंडोबाची आण." ते निघून गेले. कुणाच्या केसालाही धक्का लागला नाही. आमचेही घर शाबूत राहिले. हा दिवस देवाने पार पाडला, याबद्दल माझ्या मनात कधी संशय नव्हता आणि नाही.

पण बातमी फुटलीच. पोळ्यानंतर भगवानचा लाडका बैल मेला. त्याची ताडकळसची ठरलेली सोयरीक मोडली. भगवानने मनाशी पक्के केले की, देव नाही म्हणत असताना दार उघडले आणि वर त्याचीच आण घेऊन आपण खोटे बोललो, त्याची ही शिक्षा. तेव्हापासून साडेपंधरा वर्षे त्याने देवघरात पाऊल टाकलेले नाही. उंबऱ्याबाहेर उभा राहतो, नमस्कार करतो आणि मागे फिरतो. चंपाषष्ठीला सगळे घर तळी उचलते आणि माझा कर्ता मुलगा उंबऱ्याबाहेर उभा. माझ्या पोटातले दुखणे डॉक्टरांना सापडले ते हे नव्हे.

कलम ५. कौलाची वही. ही भगवानरावाला. लाल कापडात बांधून देवघराच्या फळीवर ठेवली आहे. त्यात तारीख, देवाला काय विचारले, कोणती पाकळी पडली, मी काय केले आणि पुढे काय झाले, असे एकतीस कौल लिहिले आहेत. पुढचा मजकूर त्याने वहीशी ताडून वाचावा.

मागच्या चंपाषष्ठीला माझी नणंद नर्मदाबाई आली होती. ऑपरेशन करावे का, म्हणून मी कौल लावला. डावी पडली. नर्मदाबाई म्हणाली, "वयनी, देव हो म्हणलाय की. तोंड का उतरलं?"

मी म्हणाले, "डावी पडली, वन्स."

"आवो, तुमची डावी. देव तिकून तुमच्याकडं बघायलाय. आमच्या घरात त्याची उजवी धरत्यात. मायनं सांगितलं न्हाई का तुमाला?"

सांगितले नव्हते. सासूबाई धुरपताबाई यांनी माझ्या लग्नाच्या वर्षीच देव माझ्या ताब्यात दिले आणि त्याच वर्षी त्या गेल्या. माझ्या माहेरी कौल बघणाऱ्याची उजवी धरतात. मी तीच रीत धरून चालले आणि विचारायचे राहून गेले. म्हणजे सासरच्या देवाचे म्हणणे मी एकोणचाळीस वर्षे माहेरच्या रीतीने वाचले.

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर वही उघडून बसले. पहिल्यांदा १९७८ चे पान काढले. या घराच्या रीतीने देव त्या दिवशी हो म्हणाला होता. मला रडू आले. वाटले, भगवानला आत्ताच्या आत्ता हाक मारावी. पण मी वही राखणारी बाई आहे. एक पान आपल्या सोयीचे वाचून बाकीची मिटता येत नाहीत. पुढची पाने काढली. चिंचेखाली विहीर, देवाची ना. भुजंगला परभणीला शिकायला ठेवणे, ना. यजमानांच्या मागे माहेरी न जाता इथेच राहणे, ना. म्हणजे ज्या ज्या गोष्टीसाठी मी उभा जन्म देवाचे आभार मानले, त्या सगळ्या त्याचे न ऐकता केल्या?

दोन दिवस मला जेवण गेले नाही. तिसऱ्या दिवशी तांदूळ निवडताना शाळा आठवली. माझ्या पहिल्या चार इयत्ता निजामाच्या काळात उर्दूतून झाल्या. मराठी मागून आली, त्यामुळे पाटीवर अक्षर कुठून काढायला घ्यावे ते कळत नसे, मी उलट्या बाजूने सुरू करायची. आमच्या बाई समोरून कधी ओरडल्या नाहीत. मागे येऊन उभ्या राहत आणि माझा हात धरून गिरवून घेत. त्या मागे असत तेव्हा त्यांचा उजवा हात आणि माझा उजवा हात एकाच बाजूला असे.

मी देवाला जन्मभर समोर बसवले आणि त्याची उजवी की माझी उजवी, यात चुकले. पण कडी काढली तो हात कुणी धरला होता, हे आता मला कळते. पाकळीत देव नव्हता असे मी म्हणत नाही. होताच. पण माझे वाचणे चुकले म्हणून त्याने मला सोडले नाही, सरळ वाचले असते तरी सोडले नसते. ऑपरेशनला मी होकार दिला तो डॉक्टरांकडे बघून दिला. देवाला फक्त नमस्कार केला.

तर भगवान, तुझ्यासाठी लिहिते. देवाने त्या दिवशी हो म्हटले होते, म्हणून तू सुटलास, असे मी तुला सांगणार नाही. ते खरे असेल, पण तेवढ्यावर उभे राहू नकोस. बैलाला घटसर्प झाला होता, ढोरांच्या डॉक्टरांनी सांगितले होते, तू ऐकले नाहीस. ताडकळसची सोयरीक मोडली म्हणून सुलाबाई या घरात आली, आणि तिच्यासारखी सून मला मागून मिळाली नसती. यात शिक्षा कुठे आहे ती मला दाखव. राहिली तुझी आण. मी आत उभी होते आणि ऐकत होते. मी तुला अडवले नाही, म्हणून ते खोटे माझे. ते मी बरोबर घेऊन जाते, तिथे काय सांगायचे ते मी सांगेन. मला नेल्यावर दिवा लावायला तू देवघरात आत जावेस. उंबऱ्याबाहेरून लावू नये, वारा येतो.

कलम ६. देव्हारा, टाक, घंटी आणि समया सुलाबाईकडे. तिने मला विचारले, आत्याबाई, मी कोणती उजवी धरायची? ते मी लिहून ठेवत नाही. कुणी दार वाजवत असेल तर आधी उघडावे. देवाला बसायला वेळ आहे.

कलम ७. सरजाबाई. माझी चार सोन्याच्या मण्यांची पोत तिला द्यायची होती. ती नको म्हणाली. मी कारण विचारले. साडेपंधरा वर्षांत आम्ही त्या दुपारबद्दल कधी बोललो नव्हतो. रोज या दाराने येणे-जाणे, पापड, लोणची, तिच्या लेकीचे लग्न, सगळे झाले, तेवढे सोडून. ती म्हणाली, "लय येळ लागला व्हता बाई तुमाला."

मी खाली बघितले. म्हणाले, देवाला विचारत होते.

"ठावं हाय. भाईर ऐकू यायलं व्हतं." मग म्हणाली, "माझी सासू म्हणायली, सरजे, खाली बस, पाय थरथरायलेत. बसाव कुठं? चिखल नुस्ता."

माझे भय भगवानसारखेच होते, देवाची आज्ञा मोडल्याचे. आज्ञा तर मोडलीच नव्हती. चूक थांबण्यात होती, आणि ती माझ्या वहीत कुठेच नव्हती. सरजाबाईची मी माफी मागितली. ती म्हणाली, "उघडलं न्हाई का शेवटी," आणि चहा टाकायला उठली, माझ्याच चुलीवर.

म्हणून भगवानने आणलेल्या विटा परत करू नयेत. सुलाबाईच्या नावावर केलेल्या त्या सहा फुटांत, दाराबाहेर, त्यांचा ओटा बांधावा. तिघी जणी बसतील एवढा. वर शहाबादी फरशी टाकावी. मागच्या दाराशी थांबावे लागले तरी कुणी उभे राहू नये.

वकिलांनी सांगितले की, ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्ष करू नये. मी सरजाबाईला विचारले, पोत घेतेस की साक्ष करतेस? ती म्हणाली, "साक्ष. त्या दिवसाला दाराच्या त्या अंगाला मीच व्हते." म्हणून तिला या कागदाने काहीही मिळत नाही. पोत भुजंगच्या मुलीला द्यावी.

येणेप्रमाणे सात कलमे लिहिली. मला जे मिळाले ते मागितल्यापेक्षा जास्त होते. लिहिलेले वाचून पाहिले, दोघी साक्षीदारांना वाचून दाखवले आणि त्यांच्यासमोर सही केली.

ठिकाण : मौजे निंबखेडा, मागचे परस
दिनांक : ७ फेब्रुवारी १९९४

(सही) चांगुणाबाई भ्र. व्यंकटराव ढोणे

साक्षीदार :

१. नर्मदाबाई, नणंद, राहणार चुडावा. डाव्या हाताचा अंगठा. (कुणाचा डावा, असे विचारून सगळ्यांना हसवले.)

२. सरजाबाई भ्र. आश्रुबा खिल्लारे, राहणार मौजे निंबखेडा. सही. साक्षरतेच्या वर्गाला दोन वर्षे जाते. सहीखाली आणखी एक ओळ लिहू का म्हणाली. वकील नको म्हणत होते, मी लिही म्हणाले. तिच्या हाताने :

येळ लागला. दार उघडलं. मी साक्षीदार.