जिन्यातला वारा

आई,

तू आलं आणायला गेलीस तेवढ्यात निघतेय. उद्या शेन्झेनला नोकरीवर हजर व्हायचंय. काल तिकीट दाखवलं आणि लगेच तुला माझ्या अंगात उष्णता दिसली. ती उतरवायला शिंगाच्या पट्टीने पाठ लालभडक होईपर्यंत घासलीस. मागच्या नोकरीच्या वेळीही हेच. वर, "आता बाहेर पडायचं नाही हं, घासलेल्या पाठीतून वारा शिरला की जन्मभर अंगात बसतो!"

गरम पाणी प्यायलेय, मफलर गुंडाळलाय. रागावू नकोस.

आई, वर लिहिलंय ते राहू दे. जिन्यापर्यंत गेले होते. खिडकी उघडी होती. पाठीला गार लागलं आणि पाय घराकडे वळलेच. आतल्या खोलीत पांघरूण घेऊन पडलेय. गाडी सुटेल आता.

उष्णता नव्हतीच मला. तुलाही माहीत होतं.

रुईलान