गुराख्याची राखण

आंबेकोंड, ता. पोलादपूर, जि. कुलाबा
२० सप्टेंबर १९७८

चि. हैबतीस ठकूआजीचे पोटभर आशीर्वाद. वि. वि. लिहितेय तुझी ललितावहिनी, बोलतेय मी. माझं ‘नाय’ खोडून ‘नाही’ केलंस तर पत्र चुलीत घालीन, असं तिला बजावलंय. तेव्हा चुका तिच्या, शहाणपण माझं.

सोनाबाईचा सहदेव तुमच्या कोठडीत आलाय. लहानपणी तुम्ही एका ताटात जेवलात, आता खाकी घातलीस म्हणून ओळख विसरू नको. झालं असं. भात कापून झालं की आपण गुरं मोकळी सोडतो, मग पाऊस येईस्तोवर रानात त्यांचंच राज्य. गावचा गुराखी म्हणून पहिलं दावं सहदेव सोडतो. परवा पहाटे त्याच्या मनानं घेतलं की कापणी झाली. भात तर आत्ता कुठं दुधात आलंय! त्यानं घरोघरचे गोठे उघडले. मी दारात आले तर धुक्यातून गुरं चाललेली. पाय दिसत नव्हते, नुसत्या पाठी आणि घुंगरांचा आवाज, जशी काय नदीवर तरंगत निघालीत. मधोमध सहदेव, हसरा. खोटं कशाला बोलू, बघायला गोड वाटलं. मग ती महिपतीच्या भातात शिरली आणि गोडी उतरली. महिपती सहदेवाला धरायला धावला, त्यानं काठी फिरवली, ती महिपतीच्या कपाळात बसली. लोकांनी सहदेवाला देवळाच्या खांबाला बांधला आणि पोलिसांच्या हवाली केला.

गेल्या सालापासून त्याला कुणीतरी हाका मारतं, आपल्याला ऐकू येत नाय. गाव म्हणतं, बाहेरचं लागलंय. पोरगा तुरुंगात कुजंल या धास्तीनं सोनाबाईला घास उतरत नाय. नातू पोलीस हाय तो काय नुसता लग्नात टोपी मिरवायला? सहदेवावर ओरडू नको. भुईवर बस, गुरांची नावं विचार. हातात दाव्याचं टोक असलं की तो निवतो, तेवढं दे.

माया हाय ती हायेच. वाढवायची असंल तर येऊन वाढव.
तुझी आजी
(अंगठा काजळाचा हाय, शाई ललितानं सांडली.)

महाड
२६ सप्टेंबर १९७८

ती. आजीस हैबतीचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि. पत्र पोचले. टोपी मी मिरवली खरी, पण त्या लग्नात ती घालून आरशापुढे कोण उभे होते, हे वहिनीला विचार.

आजी, कोठडीत दोरी देता येत नाही. माणूस गळ्याला लावील, अशी धास्ती असते. मी गजांबाहेर जमिनीवर बसलो, तेव्हा सोबतचे शिपाई हसले. सहदेवाने गुरांची नावे सांगितली. मग म्हणाला की ती भिंतीतून येत आहेत, मी वाटेतून सरकावे. मी सरकलो. सगळी जाईपर्यंत आम्ही दोघे बघत राहिलो. मला दिसत नव्हती, पण शेवटी शेवटी घुंगरे ऐकू आल्यासारखी वाटली. दावे नव्हते, म्हणून मी गजांतून हात आत दिला. माझे मनगट धरून तो झोपला.

साहेबांनी ते पाहिले. मला वाटले, आता बोलणी बसणार. पण त्यांनी डॉक्टरांना बोलावले. डॉक्टर म्हणाले, हा मनाचा आजार आहे, तापासारखाच आजार, याला गोळी आहे. पण ती बरेच महिने रोज संध्याकाळी पोटात गेली पाहिजे, एक दिवसही चुकता कामा नये. मॅजिस्ट्रेटसाहेबांचे म्हणणे, याची जागा तुरुंगात नाही. गावाने औषधाची हमी घेतली आणि महिपतीची हरकत नसली तर घरी सोडतील. नाहीतर लांबच्या इस्पितळात पाठवतील आणि परत कधी येईल ते सांगता येत नाही. सोनाबाईला तर डोळ्यांनी दिसत नाही, ती गोळी कशी देणार. हमी कोण घेणार, ते दसऱ्याच्या आत कळव.

तुझ्या रागालोभाचा हक्कदार,
हैबती

आंबेकोंड
४ ऑक्टोबर १९७८

चि. हैबतीस आशीर्वाद. वि. वि. तुझं पत्र ललितानं मोठ्यानं वाचलं. आरशाच्या ठिकाणी तिला खोकला आला.

काल गावकी बसली. बायकांनी पायरीवर बसायचं, म्हणून मी पायरीवरून बोलले. आवाज काय पायरी बघत नाय. भगत म्हणाला कोंबडा पायजे. मी म्हटलं, कोंबडा घे बाबा, पण तो तू खा, गोळी सहदेवाला खाऊ दे. मग सगळे म्हणायला लागले, रोज कोण जाणार, कुणाला वेळ हाय. सहदेव गेल्यापासून गुरं पाळीनं राखतात, आज ज्याची पाळी त्याच्या घरात काठी, उद्या शेजाऱ्याच्या. मी म्हटलं, काठीबरोबर गोळ्यांची पुडी फिरवा. दिवसा गुरं राखा, दिवेलागणीला गुराखी राखा. एकेकानं मान डोलावली, म्हणजे पटलं.

महिपती उठला. कपाळाला फडकं. म्हणाला, कोर्टात मी आडवा येणार नाय, पण माझ्या पाळीला माझ्या दाराकडं डोळे लावू नका. आणि गेला. हमीला माझा अंगठा धर. महिपतीच्या दिवसाचं काय, ते मला ठाऊक नाय. डॉक्टरला सांगू नको.

जिवाला जप आणि वेळेवर जेव.
तुझी आजी

आंबेकोंड
२९ ऑक्टोबर १९७८

चि. हैबतीस अनेक आशीर्वाद. वि. वि. सहदेव घरी रुळतोय. झोपतो फार. हाका मारणारे नदीपल्याड गेलेत म्हणतो, बोलतात पण शब्द कळत नाय. परवा त्यानं विचारलं, आजी, ही चूल खरी काय गो? मी म्हटलं, धूर झोंबतोय ना, मग खरी. सपनातला धूर डोळ्यात जात नाय. कुणी गोळी गुळातून देतं, कुणी शिव्यांतून.

काल महिपतीची पाळी. गुरं परतली, दिवे लागले, वाटेवर नुसतं धुकं. पुडी त्याच्या घरात. मी सोनाबाईच्या अंगणात बसलेली, ती घडीघडी बाहेर येऊन विचारायची, कुणी दिसतंय का. मी म्हणायची, दिसतंय. काय दिसत नव्हतं. आता आपणच जाऊन मागावी म्हणून मी उठले, तर धुक्यातून महिपती आला. उरलंसुरलं भात झोडून अंगाला तूस तसंच. एका हातात पुडी, दुसऱ्यात तांब्या.

सहदेव त्याच्या कपाळाकडं बघत राहिला. खुणेवर बोट ठेवलं आणि विचारलं, कुणी मारलं रे? सोनाबाईनं माझा पदर धरला. महिपतीनं आमच्याकडं बघितलं, मग खाली बघितलं. म्हणाला, बैलानं. सहदेवाला राग आला. म्हणाला, कुठल्या बैलानं ते सांग, मी त्याला समजावतो. महिपती म्हणाला, आधी गोळी घे, मग सांगतो.

त्यानं घेतली. मग महिपतीला बैलाचं नाव सुचेना, आणि तो तिथंच बसून राहिला.

तुळशीच्या लग्नाला ये, आजीवर रुसायला तरी ये.
तुझी आजी