मातीच्या गावातलं एक्केचाळिसावं घर

आई, तुझ्या पायांवर डोकं टेकवून लिहितो.

कारखान्यावरच्या ऊसतोड्यांच्या पोरांच्या शाळेत मी स्वतःच्या हातानं लाकडी घड्याळ केलं, शंभर मण्यांची माळ केली आणि चाळीस घरांचं मातीचं गाव केलं. कुणाला विचारलं नाही. तिसरीची पोरं त्यावर दिशा शिकतात, घरं मोजून बेरीज करतात, मराठीच्या तासाला दारांवर नावं लिहितात. लय रमतात.

सोमवारी बेरीज एक्केचाळीस आली. मी दोनदा मोजलं, खरंच एक्केचाळीस. जास्तीचं घर आपलं आहे. डावीकडं निखळलेली पायरी, मागं दोन शेवगे. वर्गातलं एकही पोर कधी आपल्या ताडकळसला आलेलं नाही. पिंकी म्हणाली, "गुरुजी, ते पयल्यापासूनच हाय की. तुमीच केलं न्हवं?"

मंगळवारी त्या घराच्या दारात मातीची बाज दिसली. आज ती अंगणात आहे, आणि तिच्यावर कुणीतरी निजलंय.

तुझा खोकला कसा आहे? तीन दिवस फोन लागेना. शेजारच्या राजेश्रीच्या फोनवरून एकदा बोल. आणि बाज घरातच ठेव.

तुझा लिंबाजी

ता.क. काल परभणीचा एक दुकानदार ते गाव विकत मागत होता. मी म्हणालो, त्यात माझी आई राहते. बारा हजार देत होता.