ताईनं न सांगितलेलं इंजेक्शन

तीर्थस्वरूप ताईस,

नमस्कार. (नुसताच. साष्टांग घालायला खाली वाकावं लागतं, आणि सध्या तुझ्यापुढे वाकायची माझी अजिबात इच्छा नाही.) तुझी तब्येत बरी असेलच, ती नेहमीच बरी असते. भाऊजींचा खोकला थांबला का? इकडे सगळं ठीक. ह्यांचं चष्म्यांचं दुकान चालू आहे, माझं शिवणकाम चालू आहे, लेक चौथीत गेली. माझ्या धाकट्या जावेला मंगळवारी दुपारी मुलगी झाली. तीन किलो शंभर ग्रॅम, दोघी सुखरूप. ही बातमी तुला माझ्या पत्राआधीच कळली आहे हे मला ठाऊक आहे, आणि पत्र त्याबद्दलच आहे.

दीड महिन्यापूर्वी हॉस्पिटलनं पोटुशा बायकांसाठी एक वर्ग ठेवला होता. प्रसूतीच्या वेळी वेदना कमी करायला काय काय करता येतं, ते समजावून सांगणार होते. सोबत नवऱ्यानं यायचं असं पत्रकात लिहिलं होतं, पण माझे दीर तुला माहीतच आहेत. लिफ्ट दुरुस्त करायला नऊ मजले खोल खड्ड्यावर दोरीला लटकतील, पण सुईचं चित्र जरी पाहिलं तरी पांढरेफटक पडतात. म्हणून मी गेले. एक बाळंतपण गाठीशी असलेली बाई म्हणून जरा ऐटीतच गेले, खोटं कशाला बोलू.

व्यायामाच्या खोलीत वर्ग होता. रबरी चटया, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर फळा. सुरुवातीला एका नर्सबाईंनी कमरेच्या हाडांचा प्लॅस्टिकचा सांगाडा आणि एक बाहुली सगळ्यांच्या हातात फिरवली. (माझ्या हातात आल्यावर मी नकळत बोटांनी माप घेतलं. एवढ्या गळ्यातून एवढं डोकं काढून द्या असं गिऱ्हाईक म्हणालं असतं, तर मी कापड परत केलं असतं.) मग भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई आल्या. ठेंगण्या, चष्मा केसांत खोचलेला, बोलणं अगदी घरातल्यासारखं. त्यांनी आधी आम्हालाच विचारलं, कळा सुसह्य करायचे कोणते उपाय तुम्हाला ठाऊक आहेत? अकरा जणी होत्या. एकीनं सांगितलं, श्वास. एकीनं सांगितलं, सहन करणं, आणि हा उपाय कसा झाला हे मग तिचं तिलाच कळेना. एकीला वाटत होतं पाठीतलं इंजेक्शन फक्त पोट कापायचं असलं तरच देतात. आणखी एक म्हणाली, त्यानं जन्माची पाठदुखी लागते. कुणी सांगितलं? शेजारणीनं. शेजारणीनं घेतलं होतं? नाही, तिला तिच्या बहिणीनं सांगितलं. बहिणीनं घेतलं होतं? तर तिला मूलच नव्हतं.

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. सगळं फळ्यावर लिहून घेतलं आणि एकेक समजावत गेल्या. गरम पाण्याचा शॉवर, पाठ चोळणं, चालत राहणं. मास्कमधून हुंगायचा गॅस, त्यानं धार बोथट होते, पण कुणाला गरगरतं, कुणाला मळमळतं. मांडीतलं इंजेक्शन, त्यानं गुंगी येते. आणि ते पाठीतलं इंजेक्शन, म्हणजे पाठीच्या खालच्या भागात बसवायची केसाएवढी नळी, तिच्यातून औषध थोडं थोडं जात राहतं. पाय जड होतात, कधी रक्तदाब उतरतो, कधी खाज सुटते, शेवटी जोर लावायला थोडा जास्त वेळ लागू शकतो, काहींना ती देता येत नाही, कधी ती नीट बसत नाही आणि पुन्हा बसवावी लागते. सुई टोचलेली जागा चार दिवस दुखेल, जन्मभर नाही. घेणारी भित्री नाही, न घेणारीला पदक नाही, असं सांगून त्यांनी हातावरचा खडू झटकला. अकरा जणी वह्यांत लिहीत होत्या. प्रश्न मात्र मीच विचारत सुटले. सातव्या प्रश्नाला डॉक्टरीणबाईंनी चष्मा डोळ्यांवर घेऊन मला विचारलं, "तुमची तारीख कधीची?" मी म्हटलं, "नऊ वर्षांपूर्वीची."

वर्ग हसला. मी नाही हसले. मी विचारलं, हे सगळं नऊ वर्षांपूर्वी होतं का, याच हॉस्पिटलात? त्या म्हणाल्या, होतं, पण मागायला माहीत असावं लागतं, आणि आम्हीही तेव्हा आपणहून सांगत नव्हतो, चूक आमचीच. ताई, माफी कशी मागावी ते त्या बाईकडून शिकावं. (हे वाक्य तुला उद्देशूनच आहे.)

बाहेर पडताना जिन्यात मी जावेला मोठेपणानं सांगायला गेले, की बाई गं, ज्याची त्याची ताकद असते, आमच्या ताईनं बघ, काहीही न घेता, हूं की चूं न करता मुलगा काढला. जाऊ चपलेचा पट्टा ओढत होती. मान वर न करता म्हणाली, "वहिनी, ताईंनी पाठीतलं इंजेक्शन घेतलं होतं की. मला सगळं सांगितलं त्यांनी." सगळं म्हणजे किती? तर फोनवर चाळीस मिनिटं. चिकटपट्टीखाली कुठे खाज सुटली तेसुद्धा. मी त्या पायरीवर बसलेच. पोटुशी ती आणि हात धरून उठवली मला.

चौदा वर्षं, ताई. आई दाराबाहेर बसली होती, आतून आवाज आला नाही, म्हणून चौदा वर्षं ती तुझ्या धीराचं वर्णन करते आहे. त्यातली नऊ वर्षं जोडीला माझं वर्णन असतं, की हिनं बावीस तास अख्खा मजला डोक्यावर घेतला. मी वॉर्डातल्या बायकांची जाऊन माफी मागितली होती, तुला आठवतंय? आणि आठव्या महिन्यात तुला मुद्दाम फोन केला होता. फार दुखतं का गं, असं विचारलं होतं. तू म्हणालीस, "होतं सहन." दोन शब्द. सख्ख्या बहिणीला दोन शब्द आणि माझ्या जावेला चाळीस मिनिटं.

आता मंगळवारचं ऐक. पहाटे कळा सुरू झाल्या, नऊ वाजता नळी. जाऊ उशीला मिठी मारून पाठ वाकवून बसली, मी तिचे खांदे धरले. अर्ध्या तासानं कळलं, औषध डाव्या बाजूलाच लागू पडलंय, उजवी बाजू कळवळतेय. ताई, तुला खरं सांगते, त्या क्षणी मला बरं वाटलं. आत कुठेतरी माझ्या हलकट मनानं शीळ घातली. डॉक्टरीणबाई आल्या, नळी जराशी मागे ओढली, तिला कुशीवर वळवलं, औषध दिलं, आणि वीस मिनिटांत उजवी बाजूही निवली. मग जाऊ झोपली. मी खुर्चीत बसून तिच्या झोपेकडे बघत होते. आजवर लोकांच्या घरांचा हेवा केला, केसांचा केला, पण कुणाच्या घोरण्याचा हेवा पहिल्यांदाच केला. उठल्यावर म्हणते, "वहिनी, तुमच्या बाहीची टीप उसवलीय." बाळंत होताना. मला. शिवणकाम करणाऱ्या बाईला.

तासभर जोर लावला तिनं, घामानं निथळली, फुकट काहीच मिळालं नाही तिला, तेही सांगते. पण बाळ बाहेर आलं तेव्हा तिचे डोळे उघडे होते. तिनं ते सगळं पाहिलं. मला माझ्या लेकीचा पहिला तास आठवतच नाही. कुणीतरी कुशीत काहीतरी ठेवलं आणि मी म्हटलं, आधी मला झोपू द्या. मी व्हरांड्यात जाऊन रडले. नर्सबाईंना वाटलं आनंदानं. त्यांनी पाणी दिलं.

काल जावेला विचारलं, ताईनं मला का नाही सांगितलं? तिनंही तुला विचारलं होतं म्हणे. तू म्हणालीस, "लहानपणापासून आईचं सगळं कौतुक धाकटीचं. हे एक माझं झालं होतं, ते सोडवेना." ऐकून माझा निम्मा राग गेला. उरलेला निम्मा दुप्पट झाला. माझं कौतुक? कधी? मला कुणी कळवलं नाही.

असो. लिहायचं ते लिहून झालं. भाऊजींना नमस्कार, भाच्याला पापा (घेऊ देत असेल तर).

तुझी,
मजला डोक्यावर घेणारी

ता. क. आईला तुझं गुपित सांगितलेलं नाही. ती बाळाला बघायला आली होती. जावेनं आपणहून सांगितलं की मी इंजेक्शन घेतलं. मला वाटलं आता व्याख्यान सुरू. पण आई बाळाच्या पावलाशी खेळत राहिली आणि बारीक आवाजात विचारलं, "आमच्या वेळी होतं का गं हे?" तूच एकदा तिला फोन कर.

ता. क. दुसरा. वर लिहिलेलं हलकट मन आणि शीळ जावेला कळवू नये. तुमचे फोन चाळीस मिनिटांचे असतात.

ता. क. तिसरा. मला चौथा महिना लागलाय. ह्यांच्याखेरीज कुणाला ठाऊक नाही, जावेलासुद्धा नाही. पहिलं तुलाच सांगतेय. परवा नाव नोंदवून आले. नळी हवी असं ठणकावून सांगितलं आणि दारापर्यंत जाऊन परत फिरले, लिहून घेतलंय ना ते पाहायला. अर्जात 'खोलीत सोबत कोण' असा रकाना होता. हे शेजारी उभे असताना मी तिथे तुझं नाव लिहिलं. खोडायचं असेल तर समक्ष येऊन खोड.